काचेची पाटी आणि मिटणारे पान

उधना जंक्शनवरून जळगावकडे निघालेली आगगाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी खानदेशातील गावे जोडीत जाते. याच वाटेने गेल्या काही पिढ्यांत असंख्य मराठी कुटुंबे कापडाच्या मागांवर आणि रंगाईच्या कारखान्यांत काम शोधीत सुरतेस आली व उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती असा या वस्त्यांचा त्रिभाषिक संसार आहे. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते, ही त्या वस्तीची एक खूणच म्हणावी लागेल.

अशा घरांतून पूर्वी दगडी पाटी असे. आता काचेची पाटी, म्हणजे टॅबलेट, आली आहे. गुजरात शासनाने २०१७ साली महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना एक हजार रुपयांत टॅबलेट देण्याची योजना सुरू केली, आणि बाजारातही स्वस्त टॅबलेट मिळू लागले. मुलीचा प्रवेशअर्ज, मुलाची शिष्यवृत्ती, आजोबांच्या नावे गावाकडे असलेल्या दोन बिघे शेताचा सातबारा, ही सारी कामे आता त्याच काचेवर होतात. महाराष्ट्र शासनाचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागल्याने, त्या एका कागदासाठी रजा टाकून गावी जाण्याचा खर्च वाचला आहे.

परंतु नेमकी येथेच एक अडचण उभी राहते. चार पाने अर्ज भरून झालेला असतो, गुणपत्रिकेचे छायाचित्र जोडले जात असते, आणि एकाएकी पडदा पांढरा होतो, ब्राउझर मिटतो. पुन्हा उघडावे तर अर्ज कोरा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मुदत मध्यरात्री संपणार असते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, यंत्र बिघडले. शेजारचा म्हणतो, विषाणू शिरला. दुकानदार म्हणतो, नवे घ्या. यांपैकी कोणतेही म्हणणे पुष्कळदा खरे नसते. रोग काय आहे हे कळल्यावाचून औषध करणे जसे घातक, तसेच येथेही आहे.

ब्राउझर, ज्यास मराठीत न्याहाळक असेही म्हणतात, हा मुळात पाने वाचून दाखविणारा साधा वाचक होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर सिद्ध केला, तेव्हा त्याचे काम मुख्यतः मजकूर आणि त्यातील दुवे दाखविण्याचे होते. आजचे पान मात्र केवळ पान राहिलेले नाही. त्यात चित्रे असतात, चलच्चित्रे असतात, जाहिराती असतात, आणि पडद्याआड सतत चालणाऱ्या आज्ञावली असतात. एक संकेतस्थळ उघडणे म्हणजे एक छोटा कारखाना सुरू करणे होय. आणि कारखान्यास जागा लागते.

ही जागा दोन प्रकारची असते, आणि दोहोंची गल्लत हेच अर्ध्या गैरसमजाचे मूळ आहे. टॅबलेटमधील एक जागा साठवणीची, ती गोदामासारखी. छायाचित्रे, गाणी, पुस्तके तेथे पडून राहतात. दुसरी जागा कामाची. तिला रॅम म्हणतात. ती माग मांडण्याच्या खोलीसारखी आहे. गोदाम कितीही मोठे असले, तरी खोलीत दोनच माग मावत असतील तर तिसरा चालविता येत नाही. म्हणूनच, "आत बत्तीस गिगाबाईट जागा आहे, मग बंद का पडते?" या प्रश्नास अर्थ राहत नाही, कारण प्रश्न गोदामाचा नसून खोलीचा असतो.

ही खोली किती लहान असे, याचे एक उदाहरण इतिहासजमा झाले आहे. २०११ साली भारत सरकारने गाजावाजाने आणलेल्या ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटची रॅम अवघी २५६ मेगाबाईट होती. २०१२ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी.च्या साहाय्याने आलेल्या ‘आकाश-२’मध्ये ती ५१२ मेगाबाईट झाली. पुढे स्वस्त टॅबलेटांत एक, मग दोन गिगाबाईट अशी वाढ होत गेली. परंतु यंत्राची खोली जशी वाढली, तसे पानांचे बिऱ्हाडही वाढत गेले. शिवाय त्या खोलीतील मोठा भाग कार्यप्रणाली स्वतःसाठी राखून ठेविते. उरलेल्या भागात ब्राउझरास संसार थाटावा लागतो.

यातील हिशेब एकदा पाहण्यासारखा आहे. हल्लीच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र चार हजार बिंदू रुंद आणि तीन हजार बिंदू उंच असले, तर त्यात एक कोटी वीस लक्ष बिंदू झाले. साठवणीत ते घडी घातलेल्या लुगड्याप्रमाणे दाबून ठेवलेले असते, म्हणून तीन-चार मेगाबाईटांत मावते. पडद्यावर दाखविण्यासाठी ती घडी पूर्ण उलगडली, की प्रत्येक बिंदूस चार बाईट या हिशेबाने ४८ मेगाबाईट जागा लागू शकते. अशी तीन कागदपत्रे एका अर्जास जोडली, तर दीडशे मेगाबाईटांच्या घरात भार पडतो. अर्ज नेमका छायाचित्रे जोडतानाच का कोसळतो, याचे एक मोठे कारण येथे सापडते.

खोली भरून गेली म्हणजे कार्यप्रणाली काय करते? डिंडोलीच्या वाचकास हे सांगण्यास मागाचाच दृष्टान्त पुरेसा आहे. आडवा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबतो. तो तसाच चालत राहिला तर कापड वाया जाईल. माग थांबणे हा मागाचा दोष नव्हे, ती सोय आहे. अँड्रॉइडमध्येही अशीच योजना आहे. जागा संपत आली की ती प्रथम मागे पडलेली कामे बंद करते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर समोरच्या कामावर हात घालते. सारा टॅबलेट गोठून जाण्यापेक्षा एक ब्राउझर मिटलेला बरा, असा तिचा न्याय असतो.

तेव्हा उपचारापूर्वी निदान करावे. पहिला प्रश्न असा की, नेमके काय बंद पडते? एकच पान पुन्हा पुन्हा नव्याने उघडत असेल आणि ब्राउझर उभा असेल, तर बहुधा जागेची टंचाई आहे किंवा ते पानच सदोष आहे. कोणतेही पान उघडताच सबंध ब्राउझर मिटत असेल, तर ब्राउझरातच काही बिघाड असण्याचा संभव अधिक. आणि सारा टॅबलेटच विझत असेल किंवा हातास चटका बसण्याइतका तापत असेल, तर दोष बॅटरीचा वा उष्णतेचा असू शकतो. तेथे ब्राउझरास बोल लावण्यात अर्थ नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, चार्जिंगला लावूनच तासन्‌तास टॅबलेट चालविणे हे अशा दुखण्यास निमंत्रण होय.

निदान झाल्यावर सोप्याकडून कठीणाकडे जावे. प्रथम उघडी ठेवलेली इतर पाने व ॲप मिटवावीत आणि टॅबलेट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. ही युक्ती हास्यास्पद वाटते, तथापि तीमागे तत्त्व आहे: अडकून राहिलेली जागा त्यामुळे मोकळी होते. त्यानंतर गोदामाकडे पाहावे. कारण साठवण अगदी काठोकाठ भरली तर ब्राउझरास तात्पुरत्या नोंदी ठेवण्यास जागा उरत नाही. शुभेच्छांची चित्रे आणि जुनी चलच्चित्रे काढून टाकली, तर पुष्कळ जागा सुटते.

तिसरी गोष्ट अद्ययावततेची. अँड्रॉइडमध्ये ‘वेबव्ह्यू’ नावाचा एक घटक असतो. अनेक ॲप आपल्या आत पाने दाखविण्यासाठी त्याचा आधार घेतात. मार्च २०२१ मध्ये या घटकाच्या एका सदोष आवृत्तीमुळे जगभर असंख्य फोनांवरील ॲप एकाएकी मिटू लागली. लोकांनी यंत्रे दुरुस्तीस नेली. पण गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोम यांची सुधारित आवृत्ती देताच दुखणे नाहीसे झाले. यंत्रात काहीच बिघडलेले नव्हते. म्हणून प्ले स्टोअरमध्ये जाऊन ब्राउझर आणि वेबव्ह्यू या दोहोंची नवी आवृत्ती घ्यावी. फार जुन्या टॅबलेटांना मात्र नवी आवृत्ती मिळतच नाही. उदाहरणार्थ, २०२३ च्या अखेरीपासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या अँड्रॉइड ७ वर चालेनाशा झाल्या. अशा यंत्रावर पुस्तके वाचावीत, पैशांचे व्यवहार करू नयेत.

चौथी पायरी म्हणजे साचलेला केर काढणे. ब्राउझर जुन्या पानांचे तुकडे ‘कॅश’ या नावाने जपून ठेवितो. ते पुसल्याने हानी होत नाही. पण त्याच्याच शेजारी ‘सर्व माहिती पुसा’ अशा अर्थाचे दुसरे बटण असते. ते दाबले तर लॉगिन, आणि अन्यत्र न जपलेले संकेतशब्दही जाऊ शकतात. दोहोंतील अंतर ओळखूनच बोट ठेवावे. एवढ्यानेही गुण न आला, तर दुसरा हलका ब्राउझर वापरून पाहावा. आयपॅडच्या बाबतीत या उपायाचा लाभ थोडा. कारण भारतात तेथील सर्व ब्राउझर सफारीच्याच इंजिनावर चालतात. सबंध टॅबलेट कोरा करणे हा शेवटचा उपाय. आणि छायाचित्रे व कागदपत्रे अन्यत्र सुरक्षित ठेवल्यावाचून तो करू नये.

अर्ज भरणाऱ्यांनी आणखी काही पथ्ये पाळावीत. लांब उत्तरे आधी वहीत किंवा टिपणाच्या ॲपमध्ये लिहून ठेवावीत. छायाचित्रे जोडण्यापूर्वी लहान करून घ्यावीत. प्रत्येक पानानंतर ‘जतन करा’ अशी सोय असल्यास ती वापरावी, आणि अर्जक्रमांक कागदावर उतरून घ्यावा.

सर्वांत नाजूक क्षण शुल्क भरण्याचा. पैसे वळते झाले आणि त्याच क्षणी पान मिटले, तर घाबरून पुन्हा पैसे भरू नयेत. प्रथम बँकेचा संदेश आणि खात्याची नोंद पाहावी, मग अर्जक्रमांकाने स्थिती तपासावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने असा दंडक घातला आहे की, यूपीआयने व्यापाऱ्यास केलेला भरणा खात्यातून वजा होऊनही त्यास पोहोचल्याची पुष्टी झाली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत झाली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देय होते. हा हक्क ठाऊक असेल, तर मजुरीच्या पैशांतून दुहेरी शुल्क जाण्याचा प्रसंग टळतो.

याच गोंधळाचा लाभ घेणारे भामटेही असतात. "आपल्या यंत्रात विषाणू आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा," अशी पाटी पडद्यावर झळकली, तर ती फसवी समजावी आणि पान मिटवावे. कोणी फसलाच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

हे सर्व करूनही एखादा जुना टॅबलेट हार खातो. तेव्हा मुदतीचा शेवटचा तास त्याच्याशी झुंजण्यात न घालविता शाळेतील, महाविद्यालयातील वा शेजाऱ्याचा संगणक गाठावा. काम झाल्यावर लॉगआउट करून आपली कागदपत्रे तेथून पुसून टाकावीत. अर्ज वेळेत पोहोचणे हे साध्य, टॅबलेट हे केवळ साधन. ज्या घरात बाप रात्रपाळीस मागावर उभा राहतो आणि लेक महाविद्यालयाचे पहिले पाऊल टाकते, त्या घरात मिटलेल्या एका पानाची किंमत फार मोठी असते. सुदैवाने तो अनर्थ टाळण्यास मोठी विद्या लागत नाही. माग थांबला असता शिव्या न देता तुटलेला धागा शोधणाऱ्या कारागिराची सवय तेवढी लागते, आणि ती या वस्तीत मुबलक आहे.