घरच्या सर्व्हरचे कोटेशन खालून वर वाचा

गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली आणि तेव्हापासून ‘जागा संपत आली’ ही सूचना घरोघरच्या फोनवर नेमाने झळकू लागली. आयफोनवर ४के दर्जाचे, सेकंदाला ६० फ्रेमचे एक मिनिटाचे चित्रण साधारण ४०० एमबी जागा घेते; म्हणजे मुंजीचे तासाभराचे चित्रण २४ जीबी. त्यात जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले फोटो, लग्नाच्या डीव्हीडी, जमवलेले सिनेमे आणि गाणी आली की दोन-तीन टीबी भरायला वेळ लागत नाही. हे सारे घरातल्याच एका लहानशा यंत्रावर ठेवावे आणि टीव्हीवर, फोनवर तिथूनच पाहावे, या विचाराने बरेच जण घरगुती सर्व्हर जोडायला घेतात. सॉफ्टवेअरची अडचण उरलेली नाही. ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट, जेलीफिन फुकट मिळतात. घोडे अडते ते सुटे भाग निवडताना.

अडते, कारण आपल्याला सवय आहे पीसी असेंबल करण्याची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात कोटेशन काढायला बसले की पहिली ओळ प्रोसेसरची, मग मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड. हार्ड डिस्क तळाशी आणि वीज पुरवणारा एसएमपीएस कॅबिनेटसोबत येईल तो. घरगुती सर्व्हरचे कोटेशन मात्र खालून वर वाचायला हवे. त्याची कारणे दोन. प्रोसेसर जळला तर उद्या नवा आणता येतो, बोर्ड गेला तर दुसरा मिळतो. डिस्कवरचे फोटो कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. दुसरे असे, की हे यंत्र वर्षाचे ८,७६० तास चालू राहणार आहे, त्यामुळे प्रत्येक भागाची खरी किंमत बिलावरची नव्हे, बिल अधिक वीज अशी धरावी लागते. जे परत मिळत नाही ते कोणता भाग राखतो आणि कोणता भाग रात्रंदिवस वीज खातो, या दोन प्रश्नांवर प्रत्येक वस्तू घासून पाहिली की बहुतेक वाद आपोआप मिटतात.

सुरुवात डिस्कपासून. आधी आपल्या फाइलींची दोन भागांत वाटणी करा: पुन्हा मिळणाऱ्या आणि पुन्हा न मिळणाऱ्या. सिनेमे पहिल्या भागात जातात, घरचे फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या. दुसरा भाग बहुधा आपल्या अंदाजापेक्षा लहान निघतो आणि सारी काळजी त्याचीच घ्यायची असते. सांगायचे कारण असे, की नवखा माणूस ४ टीबीच्या चार डिस्क घेऊन, एक गेली तरी चालणारा ‘रेड-५’ संच रचायला निघतो आणि १२ टीबी वापरता येतील म्हणून खूश होतो. त्याऐवजी ८ टीबीच्या दोनच डिस्क घेऊन एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवले, तर जागा ८ टीबीच मिळते हे खरे. पण नुसती फिरत राहणारी साडेतीन इंची डिस्क साधारण पाच वॉट घेते, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ युनिट. दोन डिस्क कमी म्हणजे ८८ युनिट, दोन पोर्ट आणि बिघडू शकणाऱ्या दोन वस्तू कमी. शिवाय पुढे जागा वाढवायला कॅबिनेटमध्ये दोन खण मोकळे राहतात.

डिस्क घेताना कंपनीच्या नावापेक्षा मॉडेल क्रमांक महत्त्वाचा. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. साध्या, सुट्या पट्ट्यांच्या पद्धतीला सीएमआर. एसएमआरमध्ये एका पट्टीवर नव्याने लिहायचे तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून ठेवलेल्या बॅकअपला त्याने फारसे बिघडत नाही. पण संचातली एक डिस्क जाऊन नव्या डिस्कवर सगळे पुन्हा भरायची वेळ आली, की तासांचे काम दिवसांवर जाते. सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूडी रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे ग्राहकांना एप्रिल २०२० मध्ये गदारोळ झाल्यावर कळले. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले. म्हणून डिस्कचे खोके फोडण्यापूर्वी लेबलवरचा पूर्ण क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. डिस्क जोडल्यावर लगेच फोटो भरू नयेत. आधी ‘स्मार्ट’ या डिस्कमधल्याच स्व-तपासणीची लांब चाचणी होऊ द्यावी. मोठ्या डिस्कवर या चाचणीला अर्धा दिवस किंवा अधिक लागतो. ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ या दोन ओळींपुढे शून्यच दिसायला हवे. नव्या डिस्कवर तिथे दुसरा आकडा दिसला तर ती बदलून मागावी.

इथे हमखास येणारा आक्षेप असा: प्रतिबिंब आहे, स्मार्टची चाचणी आहे, मग आणखी प्रत कशाला? गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासून २००७ मध्ये निबंध लिहिला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे पूर्वसूचनेवर विसंबता येत नाही. प्रतिबिंबाचा उपयोग एक डिस्क मेली तरी काम चालू राहावे एवढाच. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटला थेट उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या साठवणयंत्रांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. अशा वेळी प्रतिबिंबावरही कुलूपबंद फाइलीच उमटतात. म्हणून तिसरी डिस्क हवी. ती सर्व्हरमध्ये न बसवता महिन्याकाठी जोडून, प्रत घेऊन, भावाकडे किंवा गावच्या घरी ठेवावी. प्रोसेसरच्या वरच्या मॉडेलसाठी ठेवलेला पैसा इथे लावला तर तो सत्कारणी लागतो.

यानंतर एसएमपीएस. त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि बिघडताना सगळ्या डिस्क एकदम घेऊन जाऊ शकणारा भाग नेमका तोच. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या तारेवर क्षणभर दोनेक अँपिअर ओढते; चार डिस्कचा मिळून धक्का शंभर वॉटच्या आसपास जातो. एरवी लहान सर्व्हर पंचवीस-तीस वॉटवर चालतो. त्यामुळे ६५० वॉटचा एसएमपीएस घेण्यात शहाणपण नाही. ‘८० प्लस’ या मानांकनाच्या नेहमीच्या श्रेण्यांत कार्यक्षमता २० टक्के भारापासून पुढे मोजतात, आणि आपला भार त्याच्या पुष्कळ खाली राहतो. चांगल्या कंपनीचा ३०० ते ४५० वॉटचा पुरे. डिस्कच्या वीजजोडण्या कमी पडल्या म्हणून स्वस्त, साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे मोलेक्स ते साटा जोडणीचे तुकडे मात्र वापरू नयेत. त्यांच्या आतल्या तारा एकमेकींना टेकून ते पेटल्याची उदाहरणे आहेत. वळवाच्या पावसात वीज कितीदा जाते-येते हे वेगळे सांगायला नको. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यावरचे बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवावे, तरीही सर्व्हरला यूएसबी तारेने जोडता येणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस अधिक चांगला, कारण बॅटरी संपत आल्याचे कळताच सर्व्हर स्वतःच शिस्तीत बंद होतो. कॅबिनेटमध्ये डिस्कपुढे १२० मिलीमीटरचा एक संथ पंखा असावा. विदर्भातल्या मे महिन्यात बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात सर्व्हर कोंबू नये.

उरला प्रोसेसर. ‘४के सिनेमा दाखवायचा तर ताकद हवीच’ हा समज घट्ट आहे. ४के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट. साधी गिगाबिट लॅन १,००० मेगाबिटची. टीव्हीला ती फाइल थेट वाचता येत असेल तर सर्व्हरचे काम नुसते फाइल पाठवण्याचे, आणि त्यात प्रोसेसर जवळजवळ झोपलेलाच असतो. कष्ट पडतात ते टीव्ही जुना असला, प्रवासात फोनवर लहान चित्र हवे असले किंवा चित्ररूपातली सबटायटल्स चित्रावर छापायची असली तर. तेव्हा चित्रण नव्याने बांधावे लागते; पण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी ‘क्विक सिंक’ हा वेगळा विभाग २०११ पासून आहे. २०२३ मध्ये आलेला, सहा वॉटचा एन१०० एका कुटुंबाचे हे काम सहज पेलतो. अशा बोर्डावर साटा पोर्ट किती आहेत हे तेवढे पाहावे. रॅम ८ जीबी चालते, १६ असेल तर आराम. दर टीबीमागे एक जीबी रॅम हा झेडएफएस या फाइलप्रणालीचा म्हणून सांगितला जाणारा नियम घरच्या वापराला लागू नाही. चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या ईसीसी रॅमचा आग्रह अनाठायी म्हणता येणार नाही. स्मृतीतल्या चुका खरोखर होतात. पण ईसीसीचा बोर्ड आणि बाहेर ठेवायची तिसरी डिस्क यांपैकी एकच परवडत असेल, तर डिस्क घ्यावी.

‘घरात जुना पीसी पडून आहे, तो फुकटच की’ हा आक्षेप सर्वांत व्यवहारी. हिशेब मात्र करावा. ग्राफिक्स कार्ड असलेला जुना पीसी नुसता चालू राहायला ७० वॉट घेत असेल आणि नवा छोटा सर्व्हर २५, तर फरक ४५ वॉटचा, म्हणजे वर्षाला ३९४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर तीन वर्षांत बारा हजारांच्या आसपास. छोटा बोर्ड त्यातच निघतो. मात्र दोष जुनेपणाचा नाही. कार्यालयांतून निघालेले, सातव्या पिढीपासून पुढचे इंटेलचे छोटे पीसी विजेला काटकसरी असतात आणि क्विक सिंकही देतात. डिस्क बसवायला जागा असेल, तर तोच सौदा उत्तम.

तयार डबा का घेऊ नये? ज्याला देखभालीची कटकट नको, त्याने जरूर घ्यावा. पण असे डबे विकणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५ मध्ये आपल्या नव्या प्लस मालिकेत स्वतःच्याच डिस्क वापरण्याची सक्ती आणली आणि नाराजी वाढल्यावर त्याच वर्षी ती सैल केली. डिस्कची निवड दुसऱ्याच्या हाती गेली की काय होते ते यातून दिसते. क्लाउडला विरोध असायचे कारण नाही. पुन्हा न मिळणाऱ्या थोड्या फाइलींची कुलूपबंद प्रत तिथे ठेवणे उपयोगीच आहे, फक्त ती एकुलती एक नसावी.

तेव्हा या दिवाळीत सर्व्हर जोडायला घेतला, तर कोटेशनची पहिली ओळ डिस्कची लिहा, दुसरी बाहेर ठेवायच्या प्रतीची, तिसरी एसएमपीएस आणि यूपीएसची, प्रोसेसर शेवटी. पैसे कमी पडले तर रॅम निम्मी करा, प्रोसेसर एक पायरी खाली आणा, कॅबिनेट जुने वापरा. दुसऱ्या घरी ठेवायची ती डिस्क मात्र यादीतून काढू नका.