व्याख्यानाचे बक्षीस

बक्षीस म्हटले म्हणजे आपल्याला काय आठवते? जत्रेतल्या कुस्तीला फेटा, शर्यतीला ढाल, शाळेत पहिल्या आलेल्या मुलाला पुस्तक. पण "या, आमच्याकडे येऊन तासभर बोला," हेच कुणाला बक्षीस म्हणून दिलेले ऐकले आहे का? विद्वानांच्या जगात अशी बक्षिसे असतात. बोलणाऱ्याला थोडे पैसे मिळतात, येण्याजाण्याचा खर्च मिळतो. पण मुख्य बक्षीस म्हणजे ते बोलणेच.

कुणी म्हणेल, "गुरुजी, बोलायला कसले बक्षीस? आमच्या पारावर फुकट बोलतात की!" खरे आहे. म्हणून आधी हे बोलणे काय असते ते पाहू.

विद्यापीठ म्हणजे शाळांतली सगळ्यांत मोठी शाळा. तिथे दोन कामे चालतात. असलेले ज्ञान शिकवायचे आणि नवे ज्ञान शोधायचे. नवे शोधणाऱ्याला संशोधक म्हणतात. शोध लागला म्हणजे तो वहीत लिहून ठेवून भागत नाही. तो छापावा लागतो. शिवाय दुसऱ्या विद्यापीठात जाऊन, फळ्यापुढे उभे राहून, जाणकारांना समजावून सांगावा लागतो. याला व्याख्यान म्हणतात. ऐकणारे मुकाट बसत नाहीत. शंका काढतात, उलट विचारतात. तासाभरात कळते, कुणाच्या कामात किती दम आहे. मग चहा होतो, जेवण होते, ओळखी होतात. पुढे कुठे प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, की कुणीतरी म्हणते, "अहो, तो अमका आपल्याकडे बोलून गेला होता. चांगला वाटला."

नव्या कीर्तनकाराचे असेच असते. मोठ्या गावच्या सप्ताहात एक दिवस उभे राहायला मिळाले, तर चार गावची बोलावणी येतात. ते मिळाले नाही, तर गळा कितीही गोड असो, गावची वेस ओलांडून नाव जात नाही.

आता बोलावणार कोण? जे आधीपासून आत बसले आहेत तेच. आणि त्यांना नाव आठवते ते ओळखीच्याचे, आपल्यासारख्याचे. मनात पाप असतेच असे नाही, पण दुसरे नाव सुचतच नाही. त्यामुळे बायका मागे राहिल्या. अमेरिकेत काळे लोक मागे राहिले. आपल्याकडे कोणत्या जातींतली मुले मागे ठेवली गेली, ते मी सांगायला नको. अशांपैकी जे नुकतेच संशोधनाला लागले आहेत, त्यांना मुद्दाम बोलावण्यासाठी ही बक्षिसे निघाली. त्यांतल्या एकाची हकिगत सांगतो. ते बक्षीस एका बाईच्या नावाने आहे, म्हणून आधी त्या बाईंची ओळख करून घेऊ.

त्यांचे नाव मारिया गोपर्ट मायर. जन्म 1906 सालचा. त्या वाढल्या जर्मनीत, ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावी. वडील प्राध्यापक. त्यांच्या घराण्यात सहा पिढ्या प्राध्यापकी चालत आलेली. मुलगीही हुशार निघाली. 1930 साली पदार्थविज्ञानात तिने डॉक्टरची पदवी घेतली. ही औषधे देणाऱ्या डॉक्टरची नव्हे, विद्येतली सर्वांत मोठी पदवी. त्याच वर्षी एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाशी लग्न होऊन मारियाबाई अमेरिकेत गेल्या.

नवऱ्याला बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नोकरी मिळाली. बाईंना मिळाली नाही. कारण काय? तर नवराबायको दोघांना एकाच ठिकाणी नोकरी द्यायची नाही, असा दंडक होता. वशिलेबाजी होऊ नये म्हणून केलेला. नियम ऐकायला बरा. पण त्याचा फटका बसला कुणाला? दर खेपेला बायकोलाच! बाईंना जर्मन पत्रव्यवहारात मदत करण्याचे किरकोळ काम आणि किरकोळ पैसे मिळाले. बाकी संशोधन त्यांनी पदरमोड करूनच केले म्हणा ना. पुढे नवरा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथेही तेच. 1946 साली दोघे शिकागोला आली. तिथे बाईंना प्राध्यापकाचे नाव मिळाले, पगार नाही. जवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मात्र त्यांना अर्ध्या वेळेची पगारी जागा मिळाली.

आणि याच दिवसांत त्यांनी मोठा शोध लावला.

जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. अणू इतका बारीक, की डोळ्याला दिसत नाही. त्याच्या पोटात एक गाभा असतो, आणि गाभ्यात दोन जातींचे कण दाटीवाटीने असतात. बाईंना दिसून आले, की कोणत्याही एका जातीचे कण 2, 8, 20, 28, 50, 82 किंवा 126 भरले, की तो गाभा फार पक्का होतो. सहसा फुटत नाही. हेच आकडे का? शास्त्रज्ञ डोके खाजवत होते.

एक दिवस एन्रिको फर्मी हे थोर शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलत होते. उठून जाता जाता फर्मींनी विचारले, कणांच्या गोल फिरण्याचा आणि स्वतःभोवतीच्या गिरकीचा काही संबंध दिसतो का? बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या मुलीला त्यांनी हा शोध नाचाच्या दाखल्याने समजावला. तिकडे जोडीने गिरक्या घेत नाचण्याची रीत आहे. आपण फुगडी घेऊ. अंगणात एकात एक अशी रिंगणे आहेत. प्रत्येक रिंगणातून फुगडीच्या जोड्या पुढे सरकत आहेत. जिकडे रिंगण चालले, तिकडेच गिरकी असली तर पाय हलके पडतात. उलटी असली तर दमछाक होते. कणांचेही तसेच. हा फरक हिशेबात धरला, आणि सगळे आकडे बरोबर जुळले!

हा शोध 1949 आणि 1950 साली छापला गेला. जर्मनीत येन्सेन आणि त्यांचे सोबती याच उत्तराला आपल्या वाटेने पोचले होते. पुढे येन्सेन आणि मारियाबाईंनी मिळून पुस्तक लिहिले. भांडण नाही, तंटा नाही. हे मला फार आवडते.

विद्यापीठात पुऱ्या पगाराची प्राध्यापकाची जागा बाईंना मिळाली 1960 साली, सॅन दिएगो येथे. म्हणजे पदवी मिळाल्यावर 30 वर्षांनी. 1963 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्राने मथळा दिला, तो असा, की सॅन दिएगोच्या एका आईला नोबेल. आई होत्या हे खरेच. पण पुरुषाला नोबेल मिळाले तर "एका बापाला नोबेल" असे कोणी छापते का?

हे तिकडचे झाले. त्याच काळात आपल्याकडे काय होते? 1933 साली मुंबईची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. त्यांचे वडील आणि चुलते तिथेच शिकलेले. संस्थेचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन, जगप्रसिद्ध माणूस. त्यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर पारखून पाहू, या अटीवर त्यांना आत घेतले. त्यांनी काम असे केले, की रामन यांचे मत पालटले, आणि पुढे मुलींना तिथे वाट मिळाली. कमलाबाई विलायतेत केंब्रिजला गेल्या आणि 1939 साली डॉक्टरची पदवी घेऊन परत आल्या. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. आपली नीरा अंगाला किती पोषक आहे, यावरही त्यांनी पुष्कळ संशोधन केले.

आता बक्षिसाकडे येऊ. मारियाबाई 1972 साली वारल्या. अमेरिकेतल्या पदार्थविज्ञानाच्या मोठ्या संस्थेने 1985 साली त्यांच्या नावाने बक्षीस ठेवले. कुणासाठी? संशोधनाला नुकती सुरुवात केलेल्या बाईसाठी. यात नुसते पैसे देऊन मोकळे व्हायचे नव्हते. प्रवासखर्च वेगळा ठेवला. बक्षीस मिळवणाऱ्या बाईने चार शिक्षणसंस्थांत आणि संस्थेच्या सभेत जाऊन व्याख्यान द्यायचे, अशी योजना केली. नेमकी मेख इथे आहे. मारियाबाईंचे नाव सर्वदूर व्हायला जन्म गेला. नव्या मुलीचे नाव चार ठिकाणी लवकर पोचावे, हा हेतू.

1999 साली हे बक्षीस आंद्रेया गेझ या तरुण बाईंना मिळाले. त्या आकाशाचा अभ्यास करतात. आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळचे तारे कसे फिरतात, हे त्या हवाई बेटावरच्या मोठ्या दुर्बिणीतून वर्षानुवर्षे मोजत होत्या. खळ्यात मेढीभोवती बैल फिरतात. समजा अंधारात मेढ दिसत नाही. तरी बैल गोल फिरतात यावरून मधे मेढ आहे हे कळतेच की नाही? तसे त्या ताऱ्यांच्या फिरण्यावरून मधे न दिसणारी एक प्रचंड जड वस्तू आहे, असे ठरले. तिचे वजन आपल्या सूर्याच्या सुमारे 40 लाख पट! 2020 साली गेझबाईंना नोबेल मिळाले. व्याख्यानाच्या बक्षिसामुळेच मिळाले, असे मी म्हणणार नाही. अकलेने आणि कष्टाने मिळाले. पण त्यांची योग्यता 21 वर्षे आधी कुणीतरी ओळखली होती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. "विद्येत बाई-पुरुष कशाला? जो हुशार, त्याला बोलवा." बोलणे वाजवी आहे. पण इथे हुशारी पाहिल्याशिवाय कुणालाच बोलावत नाहीत. निवड कामावरूनच होते. आणि फळ्यापुढे उभे राहिल्यावर शंका विचारणारे बाई म्हणून सोडत नाहीत. बक्षीस फक्त दार उघडते. आतली कुस्ती जिची तिलाच खेळावी लागते.

माझा आक्षेप वेगळा आहे. काही ठिकाणी एक दिवस बोलावतात, हार घालतात, फोटो काढतात, आणि नोकरीची वेळ आली की पुन्हा जुनीच नावे काढतात. असे व्याख्यान म्हणजे हळदीकुंकवाचे वाण. घरी नेऊन फडताळात ठेवायचे. बोलावणाऱ्यांनी पुढच्या वर्षी जागा भरताना त्या मुलीचा अर्ज वर काढून वाचला, तरच तिच्या प्रवासखर्चाचे चीज झाले.

पदार्थविज्ञानाचे नोबेल 1901 सालापासून देतात. 2025 सालापर्यंत ते पाच बायकांना मिळाले. पहिल्या मारी क्युरी, 1903 साली. दुसऱ्या आपल्या मारियाबाई, 60 वर्षांनी. तिसऱ्या डॉना स्ट्रिकलंड, 2018 साली, म्हणजे त्यानंतर 55 वर्षांनी. चौथ्या गेझबाई, 2020 साली. आणि 2023 साली पाचव्या, अ‍ॅन लुइलिए.