पाय थांबवायचे नाहीत

केंदूर गावच्या कुठल्याही पोराला सायकल शिकवताना दोन गोष्टी हमखास बजावल्या जातात. उतार लागला की पायडल मारायचं थांब, वळण आलं की ब्रेक धर. व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या कलत्या गोल पट्टीवर, याच दोन सवयी अंगाशी येतात. तिथल्या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. मागचे चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच. पाय आखडला, तर तेच पायडल स्वाराला उचलून फेकते.

म्हणूनच परदेशातल्या अनेक व्हेलोड्रोमवर नवख्याला थेट सोडत नाहीत. आधी अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे पात्रता मिळवावी लागते. लंडनच्या ली व्हॅली व्हेलोपार्कमध्ये तिचे चार टप्पे आहेत. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमला झाल्या, पण ट्रॅक सायकलिंग याच लाकडी पट्टीवर झाले. तिथे उतरलेल्या भारतीय महिलांच्या टीम स्प्रिंट संघातल्या तिघींपैकी मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे या दोघी आपल्या भंडाऱ्याच्या.

पहिल्या टप्प्यात भीती मोडायची असते, ती उताराची. बैलगाडा शर्यतीच्या घाटाला धावेच्या दिशेने चढ असतो. इथे उतार आडवा असतो, बाहेरून आत. 250 मीटरच्या पट्टीवर वळणाला तो 42 अंशांच्या आसपास जातो. खालून पाहिले तर भिंतच वाटते. पण वेगाने वळणारी सायकल आतल्या बाजूला कलतेच. जमीनही तितकीच कलती ठेवली की टायर सरळ उभा राहून पकड धरतो. वेग ताशी 30 किलोमीटरच्या खाली गेला की टायर निसटण्याचा धोका वाढतो. थोडक्यात, घाबरून सावकाश जाणाराच आधी घसरतो.

मग रेषा ओळखायच्या. आतल्या कडेपासून 20 सेंटिमीटरवर काळी रेषा. पट्टीची लांबी तिच्यावर मोजतात. 85 सेंटिमीटरवर लाल, तिच्या आत स्प्रिंटची गल्ली. त्याहून वर निळी. अगदी खालचा निळा पट्टा शर्यतीचा नसतो. तो आत-बाहेर येण्याजाण्यासाठी. थांबताना पायांनी हळूहळू विरोध करत वेग उतरवायचा, या पट्ट्यावर यायचे आणि कठडा धरायचा.

पुढच्या टप्प्यांत खरी कसोटी लागते ती माळेत चालण्याची. सगळे डावीकडे वळत फिरतात. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर. सर्वांत पुढचा वळणावर वर सरकतो, माळ खालून निघून जाते आणि तो शेवटच्या चाकामागे येऊन चिकटतो. वर जाण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे पाहिले नाही, तर परीक्षक तिथेच थांबवतो. ओव्हरटेक बाहेरून, उजव्या बाजूनेच. वेग किती, याला इथे दुय्यम महत्त्व. तुम्ही पुढच्या क्षणी काय करणार, हे मागच्याला कळते का, एवढेच पाहिले जाते. ब्रेक कुणालाच नाही, म्हणून एकाची चूक सगळ्यांना भोवते. याच ली व्हॅलीत 2022 मध्ये ब्रिटनचा ऑलिम्पिक विजेता मॅट वॉल्स कठडा ओलांडून प्रेक्षकांत जाऊन पडला होता. ही पात्रता अपघात टाळेलच असे नाही. न बघता वळणाऱ्यामुळे होणारा अपघात मात्र ती टाळू शकते.

आपल्याकडे दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला बंदिस्त लाकडी व्हेलोड्रोम आहे. केंदूरकरांना त्याहून जवळचा म्हणजे पुणे ओलांडून गेल्यावर लागणारा बालेवाडीचा. तिथली क्रीडानगरी 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांची.

पण तयारी गावातच सुरू करता येते. शाळेच्या मैदानावर फक्कीची लांब रेघ मारा आणि तिच्यावरून चाक ढळू न देता सायकल चालवा. पाय एकदाही थांबू देऊ नका, मिनिटाला पायडलचे 90 फेरे सलग जमेपर्यंत. मग रेघ न सोडता उजव्या खांद्यावरून मागे बघा. बहुतेकांची सायकल मान वळताच उजवीकडे जाते. ती सरळ राहू लागली की अर्धी परीक्षा घरीच झाली. ब्रेक मात्र काढू नका. व्हेलोड्रोमवर त्यांच्यावाचून चालते, कारण तिथे समोरून कुणी येत नाही. केंदूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर येतो.