८ डिसेंबर १९४१ : एक दिवस, दोन तारखा

मागच्या व्याख्यानात आपण जपानच्या तेलटंचाईपर्यंत आलो होतो. आज एकच दिवस घेऊ. पण तो नेमका कोणता, इथेच पहिली अडचण येते. अमेरिकन पुस्तकात पर्ल हार्बरची तारीख ७ डिसेंबर असते, जपानी पुस्तकात ८. दोघंही बरोबर. मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते, त्यामुळे हवाईत रविवारची सकाळ होती तेव्हा टोकियोत सोमवारची पहाट होती.

हा गोंधळ टाळायला आपण सगळ्या घटना आजच्या भारतीय वेळेत मांडू. हवाईत सकाळी ७.५५ ला पहिले बॉम्ब पडले, तेव्हा आपल्याकडे ७ तारखेच्या रात्रीचे ११.५५ झाले असते. आता मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं कोटा भारू बघा. तिथे जपानी सैनिक उतरायला लागले रात्री साडेदहाच्या सुमारास. म्हणजे पर्ल हार्बरच्या जवळजवळ दीड तास आधी! प्रशांत महासागरातल्या युद्धाची पहिली लढाई अमेरिकेशी झालीच नाही. ती झाली ब्रिटिश मलायात, आणि किनाऱ्यावर समोर होते हिंदी सैनिक.

इथे जरा थांबू या, कारण आपल्याकडेही हे फारसं सांगितलं जात नाही. कोटा भारूचं रक्षण आठव्या हिंदी ब्रिगेडकडे होतं आणि किनाऱ्यावरची फळी १७व्या डोग्रा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनची. काटेरी तारा, सुरुंग, काँक्रीटची मोर्चेघरं. समुद्र खवळलेला. जपानी नावा लाटांवर आपटत येत होत्या आणि डोग्रा मशीनगनी चालवत होते. ऑस्ट्रेलियन हडसन विमानांनी अंधारातच जपानी वाहतूक जहाजांवर हल्ले केले, त्यातलं ‘आवाजिसान मारू’ बुडालं. जपान्यांना हा किनारा महाग पडला, तरी दिवस मावळेपर्यंत विमानतळ हातातून गेला. शत्रू कुंपणापाशी आलाय अशी अफवा उठली आणि हवाई दलाच्या माणसांनी तळ सोडला, हेही त्यात आलं. विमानतळासाठी तर ही सगळी उठाठेव होती! मुख्य जपानी फौज उत्तरेला थायलंडमध्ये सिंगोरा आणि पटानीला उतरत होती. थायी सरकारने त्याच दिवशी लढाई थांबवली. जपान्यांच्या आधी सिंगोरा गाठायचं, अशी ब्रिटिशांची एक योजना होती. पण थायलंडची तटस्थता आपण आधी मोडायची का, या विचारात वेळ निघून गेली.

हाँगकाँगचं थोडक्यात : सकाळी काई टाक विमानतळावर हल्ला झाला, तिथलं छोटंसं हवाई दल जागीच संपलं. सिंगापूरवर पहाटे बॉम्ब पडले तेव्हा शहरातले दिवे चालूच होते.

सर्वांत विचित्र गोष्ट फिलिपिन्सची. पर्ल हार्बरची बातमी मॅकआर्थरच्या मुख्यालयाला पहाटेच कळली होती. जपानी विमानं फॉर्मोसाहून, म्हणजे आजच्या तैवानहून येणार होती, आणि तिथे दाट धुकं. उड्डाण तासन्‌तास रखडलं. खरं तर हा वेळ अमेरिकेला फुकट मिळाला. जमिनीवर सापडू नयेत म्हणून क्लार्क फील्डची बी-१७ विमानं सकाळी हवेत पाठवलीही होती. मग फॉर्मोसावर हल्ला करायचं ठरलं, त्यासाठी ती इंधन आणि बॉम्ब भरायला खाली उतरवली. नेमकी तेव्हाच, स्थानिक वेळेने दुपारी साडेबारानंतर, जपानी विमानं डोक्यावर आली. पर्ल हार्बरनंतर दहा तासांनी! फिलिपिन्समधलं अमेरिकेचं निम्मं लढाऊ हवाई सामर्थ्य एका दुपारी गेलं. पर्ल हार्बरची चौकशी पुन्हा पुन्हा झाली; या दुपारची त्या तोडीची चौकशी कधीच झाली नाही. आम्हाला विचाराल तर हे दुर्लक्ष अजून खटकतं.

आता नकाशाच्या दुसऱ्या टोकाला या. मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ल्याचा हा तिसरा-चौथा दिवस. याच ८ डिसेंबरला हिटलरने निर्देश क्रमांक ३९ काढला : पूर्व आघाडीवरची मोठी आक्रमणं थांबवा, बचावाची तयारी करा. लिबियात रोमेल तोब्रुकचा वेढा सोडून पश्चिमेकडे हटत होता. आणि व्याप्त पोलंडमधल्या खेल्म्नोला याच दिवशी ज्यूंना विषारी वायूने मारायला सुरुवात झाली. ही आघाडी नव्हे, पण या तारखेच्या हिशेबातून ती वगळता येत नाही.

म्हणजे जपानने ज्या दिवशी जर्मनीच्या विजयावर भरवसा ठेवून उडी घेतली, त्याच दिवशी जर्मनी लेखी आदेश काढून थांबत होता. टोकियोला त्या कागदाची कल्पना असती तर? असे प्रश्न इतिहासात विचारू नयेत म्हणतात. आपण मात्र प्रश्नोत्तरांत तो जरूर घेऊ. मलायाची मोहीम पुढे सत्तर दिवस चालली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले आणि त्यांच्यातूनच पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली. पुढचं व्याख्यान तिथून सुरू करू.