तंबूत पुरलेली चांदी: ख्रिस्ती रहस्यकादंबऱ्यांचा आढावा

दिवाळी अंक आणि रहस्यकथा ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी चकली-चिवड्याच्या जोडीला खून, भुतं आणि ओसाड वाडे घरपोच केले. बाबूराव अर्नाळकरांच्या नावावर हजाराच्या वर पुस्तकं आहेत. आम्हा रायपूरकर मराठी मंडळींचा तर दुहेरी फायदा. घरात मराठी अंक, आणि स्टेशनवरच्या ठेल्यावर हिंदीतले वेदप्रकाश शर्मा आणि सुरेंद्र मोहन पाठक. एवढं सगळं वाचूनही रहस्यकथेची एक भलीमोठी शाखा आपल्याकडे जवळजवळ कुणाच्या वाचनात येत नाही. ती म्हणजे ख्रिस्ती रहस्यकादंबरी, आणि त्यातही जुनं, दडपलेलं गुपित वर काढणारी.

अमेरिकेत या पुस्तकांचा स्वतंत्र बाजार आहे. प्रकाशक वेगळे, पुरस्कार वेगळे, वाचक तर ठरलेलेच. साचा साधारण असा असतो. नायिका बऱ्याच वर्षांनी गावी परतते. आजी वारलेली असते आणि घर विकायचं असतं. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं पत्र सापडतं, नाहीतर फाडून अर्धा उरलेला फोटो. तिनं चार प्रश्न विचारले की गावातली वडीलधारी माणसं विषय बदलतात, चर्चमधले एक मान्यवर गृहस्थ जरा जास्तच गोड बोलू लागतात आणि रात्री फोन वाजतो. मदतीला एक तरुण पोलीस अधिकारी असतो, बहुधा बायको गमावलेला आणि देवावर रुसलेला. शेवटी तळघराची फरशी उखडते. या सगळ्यात शिवी नाही, शयनगृहाचं दार लावलेलं, रक्त बेताचंच. सासूबाईंच्या हाती निर्धास्त द्यावं असं पुस्तक.

या बाजाराचा इतिहास फार जुना नाही. कॅथरिन मार्शल यांची ‘ख्रिस्टी’ 1967 मध्ये आली. जेनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’नं 1979 मध्ये दाखवून दिलं की धार्मिक कादंबरीलाही भरपूर गिऱ्हाईक आहे. ती प्रेमकथा होती. थराराची वाट खुली केली फ्रँक पेरेटी यांच्या 1986 सालच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’नं. एका छोट्या कॉलेजगावात देवदूत आणि सैतानी शक्ती यांची लढाई, असा तिचा मामला. मार्शलबाईंच्या कादंबरीच्या नावानं 2000 पासून ख्रिस्टी पुरस्कार दिले जाऊ लागले. प्रेमकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्लेक्विननं 2005 मध्ये या जातीच्या रहस्यकथांची खास मालिका काढली. टेरी ब्लॅकस्टॉक, डी हेंडरसन, कॉलीन कोबल, ब्रँडिलिन कॉलिन्स, लिनेट ईसन ही या दालनातली नेहमीची नावं. टेड डेकर त्यांच्यापेक्षा काळोखे. झोंडरव्हन आणि थॉमस नेल्सन हे दोन मोठे ख्रिस्ती प्रकाशक आज हार्परकॉलिन्सच्या छत्राखाली आहेत, म्हणजे पाप आणि पश्चात्तापाच्या या कथांचा नफा शेवटी रूपर्ट मर्डोक कुटुंबाच्या कंपनीच्या गल्ल्यात पडतो. असो.

वाचकाला यात काय मिळतं? रहस्य म्हणाल तर फारसं नाही. चार कादंबऱ्या वाचलेला वाचक शंभराव्या पानाच्या आत गुन्हेगाराचं नाव सांगेल. अर्नाळकरांच्या पुस्तकात बेड्या पडल्या की आपण पुस्तक मिटतो. इथे बेड्या पडल्यानंतरही तीस-चाळीस पानं उरलेली असतात आणि या प्रकारच्या वाचकाला ओढ असते ती त्याच पानांची. गुन्हा कुणी केला यापेक्षा तो तोंडानं कबूल कोण करणार, कुणासमोर, आणि त्यानंतर ती माणसं एका टेबलाशी जेवायला बसू शकतील का, हे त्याला पाहायचं असतं.

ही ओढ आली बायबलमधून. आपल्याकडे बायबल म्हटलं की गव्हाणीतलं बाळ आणि डोंगरावरचं प्रवचन आठवतं, पण जुना करार उघडला तर जमिनीत पुरलेल्या गोष्टींची रांगच लागते. मोशे एका मिसरी माणसाला मारून वाळूत पुरतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कळतं की बातमी फुटली आहे. या सगळ्यांत अव्वल कथा आखानाची. यरीहो पडलं तेव्हा लुटीला हात लावायचा नाही असा हुकूम होता. पुढची लढाई अगदीच किरकोळ, तरी इस्राएली तीत हरतात. कुणीतरी हुकूम मोडलाय एवढंच त्यांच्या पुढाऱ्याला, यहोशवाला, कळतं, कुणी ते कळत नाही. मग सुरू होतो शोध. आधी वंश निवडला जातो, वंशातून कूळ, कुळातून घराणं, घराण्यातून एकेक पुरुष. संशयितांचं वर्तुळ आवळत आणण्याची ही पद्धत अगाथा ख्रिस्तीच्या दिवाणखान्यात शोभावी. अखेर आखान बोलतो: शिनारचा एक देखणा झगा, दोनशे शेकेल चांदी आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट, सारं तंबूत जमिनीखाली पुरलेलं, चांदी सर्वांत खाली. माणसं धावत जातात, आणि माल त्यानं सांगितला तसाच निघतो. शिक्षा मात्र एकट्या आखानाला होत नाही, त्याच्या मुलाबाळांनाही दगडमार होतो. आधुनिक कादंबरीकार हा शेवट गुपचूप गाळतात. पण एकानं पुरलेल्या वस्तूपायी सगळी वस्ती हरते, हे सूत्र त्यांनी इथूनच उचललं आहे.

दुसरा नमुना दावीद राजाचा. बथशेबाच्या मोहापायी तो तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत सर्वांत पुढे उभं करवून मारवतो. कागदोपत्री तो युद्धातला मृत्यू. नाथान संदेष्टा राजाकडे येतो तो आरोप घेऊन नव्हे, फिर्याद घेऊन: एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक कोकरी पळवून कापली. राजा संतापून शिक्षा सुनावतो, आणि तो माणूस तूच, असं नाथान त्याच्या तोंडावर सांगतो. न्यायाधीशच गुन्हेगार निघतो.

तिसरी कथा सुसान्नाची. ती कॅथलिक बायबलमध्ये दानीएलच्या तेराव्या अध्यायात आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. दोन वजनदार वृद्ध तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. तरुण दानीएल दोघांना वेगवेगळं उभं करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलंस? उत्तरात दोघं दोन वेगळ्या झाडांची नावं घेतात आणि खटला तिथेच संपतो. डोरोथी सेयर्स यांनी 1928 मध्ये रहस्यकथांचा मोठा संग्रह केला तेव्हा त्यात ही कथा घेतली होती. त्या स्वतः कडव्या अँग्लिकन. गुप्तहेरकथेचे दहा नियम 1929 मध्ये लिहिणारे रोनाल्ड नॉक्स कॅथलिक पाद्री होते, आणि पुढे त्यांनी एकट्यानं अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. चेस्टरटनचा फादर ब्राउन 1911 मध्ये पुस्तकात आला. कन्फेशन ऐकून ऐकून या बुटक्या पाद्र्याला माणसाची वाईट बाजू पोलिसांपेक्षा जास्त कळलेली असते. फ्लँबो नावाच्या चोराला तो पकडण्यापेक्षा बदलतो, आणि तोच चोर पुढे गुप्तहेर होतो. हिचकॉकनं 1953 च्या ‘आय कन्फेस’मध्ये हाच धागा उलटा विणला: खुनी पाद्र्यासमोर कबुली देतो, ती फोडायला पाद्र्याला मनाई, आणि संशयाची सुई वळते पाद्र्याकडेच.

या पूर्वजांपुढे आजची बाजारी ख्रिस्ती रहस्यकादंबरी फिकी पडते, हे सांगायला हवं. तिच्यात पश्चात्ताप वेळापत्रकाप्रमाणे होतो. देवावर रुसलेला तो अधिकारी शेवटून दुसऱ्या प्रकरणात प्रार्थना करणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. शंकेला तिथे जागा असते ती निरसनापुरतीच. मला त्या चाळीस पानांचा मोह कळतो, पण ती पानं कमावलेली असावी लागतात, आणि दहातल्या आठ पुस्तकांत ती फुकट वाटलेली असतात.

आता आपल्याकडे येऊ. रायपूरहून नागपूरच्या गाडीत बसलं की दुर्गनंतर राजनांदगाव लागतं. जुन्या काळी इथे संस्थान होतं आणि 1880 च्या दशकात नागपूरहून रेल्वे आली. याच मार्गावर 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि भाकीत केलं की हे मनापासून वाचलंत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पुस्तक मात्र त्यांनी वाचलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या मधल्या दोन वर्षांत कुठल्याही ख्रिस्ती कादंबरीपेक्षा जास्त ताण आहे. चित्पावन घरातला कर्ता पुरुष, शीघ्रकोपी आणि हळवा कवी. मनात जे चाललंय ते पुरतं बाहेर काढलं तर घर मोडणार, दडपलं तर स्वतः मोडणार. लक्ष्मीबाईंना नवरा डोळ्यांसमोर हातातून निसटताना दिसतोय, तो कुठे चाललाय ते मात्र पुरतं उमगत नाही. बातमी फुटल्यावर काय कोसळलं ते ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. पुढे पाचेक वर्षांची ताटातूट, मग नगरला पुन्हा एकत्र संसार, आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा. हे सगळं बाई लिहितात ते हसत-रडत, स्वतःचीही फजिती करत. 1934 पासून भागाभागानं आलेल्या या पुस्तकाला कुणी रहस्यकथा म्हणणार नाही. पण फरशीखाली काहीतरी आहे हे वाचकाला ठाऊक आणि घरातल्यांना नाही, ही रहस्यकथेची मूळ युक्ती तिथे न योजता साधली आहे.

इथे अमेरिकन साच्याची उलटापालट होते. तिकडे पुरलेली गोष्ट म्हणजे पाप आणि ते वर काढते ती श्रद्धा. आपल्याकडे कित्येक घरांत श्रद्धाच पुरून ठेवावी लागली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (1857) यमुना आणि तिचा नवरा ख्रिस्ती विचारांकडे झुकलेले आहेत, पण चारचौघांत तसं सांगायची सोय नाही. कादंबरीचा उघड विषय विधवांची स्थिती हा आहे, आणि त्या काळच्या मराठी समाजातली खरोखरची पुरलेली गुपितं तिथेच होती. अवघ्या सहा वर्षांनी, 1863 मध्ये, जोतीराव फुल्यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं, यावरून अंदाज यावा. परसात काय पुरलं जात होतं ते गावाला माहीत असायचं. बोलायचं नाही, एवढाच नियम.

छत्तीसगडच्या मातीत तर हे पदर आणखी गुंततात. रायपूरच्या उत्तरेला विश्रामपूर इथे ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्यानं 1868 मध्ये ठाणं वसवलं. सौरभ दुबे या इतिहासकारानं मिशनच्या दप्तरातून तिथल्या नवख्रिस्ती सतनामी पंथीयांचं जग उभं केलं आहे. लग्न, काडीमोड, परस्त्रीसंबंध, जातीचे जेवणव्यवहार यांवरून मंडळीत झालेले तंटे तिथे सापडतात. मिशनऱ्याच्या नियमांत जे पाप ते गावरीतीत कित्येकदा साधं लग्न. कादंबरीकाराला याहून सुपीक दप्तर कुठलं मिळणार?

पुढे सरकारही या कथेत पात्र म्हणून आलं. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल 1956 मध्ये नागपुरात निघाला. मध्य प्रदेशानं 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. त्याप्रमाणे धर्मांतराचा विधी करणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवणं सक्तीचं झालं. या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयात 1977 मध्ये निकाल लागला तो रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, आणि त्या खटल्याचं मूळ आमच्या बलौदाबाजारात होतं. कायदा वैध ठरला. छत्तीसगड वेगळा झाला तेव्हा तो वारशात आला. कायद्याचं समर्थन करणारे आणि विरोध करणारे दोघंही इथे आजूबाजूलाच राहतात, त्या वादाचा निवाडा या लेखात होणार नाही. पण मनातली गोष्ट कुणाला, कधी आणि कुठल्या कागदावर सांगायची, हा प्रश्न या भागात केवळ कल्पनेतला नाही, एवढं खरं.

मग मराठीत अशी कादंबरी का नाही? मराठी ख्रिस्ती लेखणी अभंग, ओवी, आत्मचरित्र आणि निबंध यांत रमली. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’, टिळकांचं काव्य, फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ ही त्यातली शिखरं. वाचक थोडे, प्रकाशक बहुधा मंडळीशी बांधलेले, आणि आधीच संशयानं पाहिल्या जाणाऱ्या समाजानं आपल्याच पाद्र्याला कादंबरीत खुनी ठरवायचं म्हणजे धाडस. उलट बाजूनं, बहुसंख्य मराठी लेखकांना चर्च म्हणजे गोव्याचं किंवा वांद्र्याचं नेपथ्य एवढंच दिसतं. रहस्यकथेत पाद्री आला की त्याच्या झग्यात पिस्तूल असणार, हे ठरलेलं.

म्हणून ‘नवल’, ‘धनंजय’च्या संपादकांना आणि नागपूर-रायपूर पट्ट्यात लिहिणाऱ्यांना एक विनंती. अमेरिकन साचा उसना आणू नका, तो तिकडेच पातळ झालाय. 1893 ची गाडी आहे, विश्रामपूरचं दप्तर आहे, बलौदाबाजारचा खटला आहे. यांतलं एक घ्या आणि कबुलीनंतरची चाळीस पानं नीट कष्ट करून लिहा. तोवर वाचकांनी ‘स्मृतिचित्रे’तलं राजनांदगाव वाचावं, मग फादर ब्राउनच्या पहिल्या संग्रहातल्या चार-पाच कथा. वेळ उरला तर पेरेटी. बाकीचे नाही वाचले तरी चालेल.