पुढच्या दाराला कुलूप

15 मार्च 2026 पासून वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं आयुष्य 200 दिवसांवर आलं. 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47 दिवस. ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्र देणारे यांच्या मंचाने 2025 च्या एप्रिलमध्ये हे ठरवून टाकलं. त्या मंचाचं नावही न ऐकलेल्या आमच्या सिस्टिमवाल्यांच्या कॅलेंडरची मात्र वाट लागली.

1995 मध्ये नेटस्केपने एसएसएल आणलं. तिथून पुढची दहा वर्षं सोडून देऊ. बँका आणि क्रेडिट कार्ड घेणारी दुकानं वगळता त्याची फारशी फिकीर कुणाला नव्हती.

आमचं दशक 2005 ते 2015. ते पुण्यातल्या सर्व्हर रूममध्ये गेलं. प्रमाणपत्र लावणं हा तेव्हा सोहळा असायचा. ओपनएसएसएलवर की आणि सीएसआर बनवा, लेटरहेडवर साहेबांची सही घ्या, पडताळणीचा फोन रिसेप्शनवर कुणी तरी उचलेल असं बघा. मग मेलवर झिप फाइल यायची. त्यातलं इंटरमीडिएट लावायचं राहिलं, की ऑफिसातल्या ब्राउझरवर साइट झकास उघडायची, कारण ते त्याने दुसऱ्या कुठल्या साइटवरून आधीच उचललेलं असायचं. साहेबांच्या फोनवर मात्र इशारा झळकायचा! पण एकदा नीट बसलं, की दोन-तीन वर्षं तिकडे बघायला नको. हाताने केलेलं काम टिकतं, हे समाधान त्यात होतं. ते आता गेलं.

त्याच दशकात हिरव्या पट्टीचं खूळ निघालं. पत्त्याच्या ओळीत कंपनीचं नाव हिरवं दिसावं म्हणून विक्रेत्यांनी भरमसाट पैसे घेतले. 2019 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ती पट्टी तिथून काढली. पैसे कुणी परत केले नाहीत. 2011 मध्ये प्रमाणपत्रं देणाऱ्या नेदरलँड्सच्या डिजिनोटारमध्ये घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. 2014 च्या जुलैत आपल्या एनआयसीकडूनच गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली. दोन्ही वेळा घोळ देणाऱ्याकडे झाला. नूतनीकरणाचा जाच लावणाऱ्याच्या वाट्याला आला.

मान्य, रद्द केलेलं प्रमाणपत्र ब्राउझर धड तपासत नाहीत, तेव्हा आयुष्य कमी करण्यात तथ्य आहे. 2015 च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट सर्वांसाठी खुलं झालं, तेही फुकट आणि 90 दिवसांचं. नूतनीकरण यंत्राकडे गेलं, हे चांगलंच झालं. पण जुन्या फायरवॉलच्या, प्रिंटरच्या पानावर ते यंत्र चालत नाही. तिथे माणूसच लागतो.

खरा राग आहे तो पलीकडच्या गोष्टीचा. स्विच-राउटरवर नजर ठेवणारा एसएनएमपी 1988 पासून आहे. त्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डच्या जागी चालणारी कम्युनिटी स्ट्रिंग उघड्यावर जाते, आणि ती बहुतेक ठिकाणी ‘पब्लिक’ अशीच असायची. एमआरटीजीचे हिरवे-निळे आलेख आम्ही त्यावरच काढले. ओळख तपासणारी, मजकूर सांकेतिक करणारी तिसरी आवृत्ती 2002 च्या डिसेंबरात पूर्ण मानक झाली. तरी ती रुजली नाही, कारण दुसरी एका ओळीत चालू होते. तिसरीला ग्रुप, युजर आणि दोन पासवर्ड लागतात. शिवाय इंजिन आयडी बदलला, की युजर पुन्हा बनवा. तिथे लाल इशारा देणारा ब्राउझर नाही, म्हणून सक्ती नाही.

पुढच्या दाराचं कुलूप दर 47 दिवसांनी बदलायचं आणि मागचं दार सताड उघडं, हा आपला तीस वर्षांचा हिशेब आहे. सिस्टिमवाल्यांनो, पुढच्या नूतनीकरणाला बसाल, तेव्हा अर्धा तास जास्त काढा. स्विचवर ‘पब्लिक’ दिसलं, तर आधी ते पुसा.