सोळा पासिंग

उसाचा हंगाम सुरू झाला, की नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर हे दृश्य दिसतं. पुढं ट्रॅक्टर आणि मागं उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. आता सांगा, यात मोटार वाहनं किती? इंजिन एकच आहे, म्हणजे एक? कायदा म्हणतो तीन! मोटार वाहन कायदा, १९८८ उघडा. वाहन ओढणारी शक्ती आतून येते की बाहेरून, याला तिथं महत्त्वच नाही. त्यामुळं इंजिन, स्टिअरिंग, हॉर्न यांपैकी काहीही नसलेली ट्रॉली हेही मोटार वाहन. बॉडी न बसवलेली नुसती चेसिस हेसुद्धा मोटार वाहन. आणि नगर स्टेशनात धडधडत शिरणारं रेल्वेचं अजस्र इंजिन? ते नाही! रुळांवर धावणाऱ्या वाहनाला या व्याख्येतून चक्क वगळलंय.

वेडेपणा वाटतो ना? पण थोडं थांबा. रूळ सोडून इंजिन तुमच्या अंगणात येणार नाही. ट्रॉली मात्र सुटली तर कुठंही जाईल. सार्वजनिक रस्त्यावर ज्या वस्तूशी कुणाचीही गाठ पडू शकते, तिची ओळख सरकारदरबारी लिहिलेली असलीच पाहिजे, एवढं साधं सूत्र आहे. म्हणून ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर लिहायचा आणि सगळ्यात शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीवर ट्रॅक्टरचा नंबर लावायचा, असं कलम ६१ सांगतं. म्हणजे त्या उसाच्या गाडीमागं अडकलेल्या माणसालाही कळतं, की सगळ्यात पुढं कोण आहे!

आता त्या नंबरकडंच नीट बघू. एमएच म्हणजे महाराष्ट्र, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण नगरला १६ च का? चिठ्ठ्या टाकून दिला होता का? महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि त्यावरून बोट फिरवा. ०१, ०२, ०३ म्हणजे मुंबई. ०४ ठाणे, ०५ कल्याण, ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. कोकण संपलं. आता घाट चढून वर या. ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड. पुणे विभाग आटोपला. १५ नाशिक, १६ नगर, १७ श्रीरामपूर, १८ धुळे, १९ जळगाव, की नाशिक विभाग पूर्ण. २० च्या संभाजीनगरपासून २६ च्या नांदेडपर्यंत मराठवाडा, २७ च्या अमरावतीपासून वऱ्हाड, ३१ च्या नागपूरपासून पुढं पूर्व विदर्भ. राज्याचे सहाच्या सहा महसूल विभाग आपल्या बंपरवर ओळीनं उभे आहेत, आणि आपण ते रोज धूळ पुसताना बघतो!

मग ३७ ला ही शिस्त मोडते. ३७ वाशीम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार. एक वऱ्हाडात, एक मराठवाड्यात, एक खानदेशात. असं का? कारण नंबरांची ही पद्धत १ जुलै १९८९ ला नव्या कायद्याबरोबर आली, आणि हे तीन जिल्हे झाले १९९८-९९ मध्ये. पंगत बसल्यावर आलेल्यांना शेवटचं पान मिळालं. म्हणजे पाटीवरच्या दोन आकड्यांत भूगोल तर आहेच, वर इतिहासही आहे.

नगर जिल्ह्याला तर एकाला दोन आकडे मिळाले. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. एका कार्यालयाला तो आवरणार कसा? म्हणून जामखेडची गाडी सोळा पासिंग आणि संगमनेर, कोपरगाव, शिर्डीकडची सतरा पासिंग. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, कार्यालयांच्या पाट्या बदलल्या. गाडीवरचा १६ मात्र जागचा हलला नाही. आकड्याला नावाची गरजच नसते.

आणि एका सोळात गाड्या तरी किती मावतात? हिशेब करून बघा. आय आणि ओ ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात, म्हणून ती वगळतात. उरली २४. आधी अक्षराशिवायची एक मालिका, मग एकेका अक्षराच्या २४, मग दोन-दोन अक्षरांच्या ५७६. एकूण ६०१ मालिका आणि प्रत्येकीत ९,९९९ नंबर. गुणाकार येतो ६०,०९,३९९. दोन अक्षरं आणि चार आकडे एवढ्या भांडवलावर साठ लाख गाड्या, आणि त्यातली एकही दुसरीसारखी नाही!

पण थांबा, तारकपूर किंवा माळीवाडा स्टँडवर उभ्या असलेल्या लालपऱ्यांचे नंबर कधी वाचलेत? नगर आगाराची बस आणि नंबर एमएच १४, एमएच २० नाहीतर एमएच ४०. हा काय प्रकार? एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन. पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. चेसिसवर बसची बॉडी तिथं चढते आणि पासिंगही तिथंच होतं. म्हणून बस आयुष्यभर कुठंही धावो, ती कुठं घडली हे पाटी सांगत राहते. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला धावली, ती पुण्याहून नगरलाच. त्या मार्गावरच्या बसचा नंबर वाचण्यात तर वेगळीच मजा आहे.

नगरच्या रस्त्यावर आणखी एक जमात फिरते. नंबराच्या सुरुवातीला वर टोक केलेला बाण, पुढं वर्षाचे दोन आकडे. ना एमएच, ना १६. ही लष्कराची वाहनं. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आहे, तेव्हा ती इथं भरपूर दिसतात. संरक्षणाच्या कामासाठीच्या सरकारी वाहनांची नोंद वेगळ्या प्राधिकाऱ्याला करता येते, असं कलम ६० सांगतं. एकाच चौकात दोन निराळ्या नोंदवह्यांतल्या गाड्या एकाच सिग्नलला थांबलेल्या असतात.

आता नवी गाडी आरटीओच्या वहीत शिरते कशी? तुम्हाला वाटेल, आरटीओचा साहेब गाडीभोवती फिरतो, बॉनेट उघडतो, टायर दाबतो आणि मग शिक्का मारतो. पण कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली कोरी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर न्यावीच लागत नाही. गाडी न बघता नंबर? मग भरवसा कशाचा?

तो भरवसा फार आधी, त्या मॉडेलच्या पहिल्या नमुन्यावर तपासून झालेला असतो. ब्रेक किती अंतरात थांबवतात, दिवे उजेड कुठवर फेकतात, धूर किती निघतो, हे सगळं केंद्राच्या नियम १२६ मध्ये नाव असलेल्या मोजक्या संस्थांकडून तपासून घ्यावं लागतं. पुण्याची एआरएआय ही वाहन चाचणी संस्था त्यातली एक. आणि दुसरी? नगरच्या वाहननगरातली व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था! एक नमुना कसाला उतरला, की पुढच्या प्रत्येक गाडीबरोबर कंपनी फॉर्म २२ देते. त्यात ती लेखी हमी देते, की ही गाडी नियमांत बसते. विक्रेता फॉर्म २१ देतो, की गाडी यांना विकली. तुमचा अर्ज असतो फॉर्म २०. विमा, पत्त्याचा पुरावा आणि कर भरल्याची नोंद जोडली, की नंबर पडतो.

कर म्हटल्यावर आणखी एक चमत्कार. राज्यघटनेत मोटार वाहनांचा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत आहे, पण वाहनावरचा कर राज्याचा. त्यामुळं आठ लाखांची पेट्रोल कार घेतली, तर केंद्राच्या नियमातली नोंदणी फी ६०० रुपये आणि राज्याचा एकरकमी कर ११ टक्क्यांनी ८८,००० रुपये! शोरूमच्या बिलावर दोन्ही शेजारी-शेजारी बसलेले असतात.

आता खरी गंमत. या सगळ्या कागदांवर एक ओळ सारखीच असते, चेसिस नंबर. तुमच्या बाईकचं हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि हँडलखालच्या नळीवर बोट फिरवा. खरखरीत काही लागलं? लोखंडात ठोकलेली १७ अक्षरं-आकडे आहेत ती. गाडी नावावर करायला निघालात, की एजंट तिथंच बसकण मारतो. नळीवरची धूळ फडक्यानं पुसतो, त्या खाचांवर शिसपेन्सिल घासतो, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात उचलतो आणि ती अर्जावर डकवतो. याला म्हणतात चेसिस प्रिंट. संगणकावर सगळ्या देशाची 'वाहन' नोंदवही असतानाही हा शिशाचा ठसा मागितला जातो!

त्या सतरातली पहिली तीन कारखान्याची. एमए ते एमई ही सुरुवातीची अक्षरं भारताच्या वाट्याला आलेली. मारुतीच्या गाड्या एमए३, टाटाच्या एमएटी. आय, ओ आणि क्यू इथंही वर्ज्य, कारण तेच, आकड्यांशी गल्लत. आणि अट अशी, की जगात कुठंही ३० वर्षांत हा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. साठ लाखांनी अवाक झाला होतात ना? हा तर पृथ्वीवरच्या सगळ्या गाड्यांना पुरतो.

पण लोखंडातला हा नंबर रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून पाटी. जुन्या गाड्यांनाही आता बसवावी लागणारी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा पाटी, उन्हात नीट बघा. कोपऱ्यात २० मिलिमीटरचं चमकणारं अशोकचक्र, त्याच बाजूला खाली लेझरनं कोरलेला पाटीचा स्वतःचा वेगळा नंबर, अक्षरांच्या काळ्या पट्टीत तिरकं लिहिलेलं 'इंडिया' आणि एकदा बसला की तोडल्याशिवाय न निघणारा स्नॅप लॉक. ४१४१ वळवून 'दादा' करायची हौस इथंच संपली.

रात्री तर ही पाटी कमाल करते. आरशावर तिरका उजेड टाकला तर तो भलतीकडं जातो. पाटीवर मात्र कुठूनही टाका, तो टाकणाऱ्याकडंच परत येतो. कॅरमच्या कोपऱ्यात स्ट्रायकर एका कडेवर आपटून लगेच दुसऱ्या कडेवर आपटला, की आला त्याच दिशेनं उलटा फिरतो. पाटीवरच्या थरात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म मणी किंवा प्रिझम उजेडाला असंच माघारी धाडतात. म्हणून अंधाऱ्या घाटात तुमच्याच हेडलाइटनं पुढची पाटी तुम्हालाच वाचता येते.

आता एक प्रश्न. गाडी विकली, की आरसीवरचं नाव बदलतं. कर्ज फिटलं, की बँकेचा बोजा उतरतो. परवानगी घेऊन रंग बदलता येतो, इंजिनही बदलता येतं. गाडी कायमची इंदूरला नेली आणि बारा महिने उलटले, की एमएच १६ जाऊन मध्य प्रदेशचा नंबर घ्यावा लागतो. मालक गेला, रंग गेला, इंजिन गेलं, नंबरही गेला. मग ही तीच गाडी, हे कशावरून ठरतं?

फक्त त्या सतरा खुणांवरून. बाकी सगळं आपण त्यांच्याभोवती जोडत आणि सोडत असतो. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि एक दिवस भंगार. तेव्हाही सरकारी मान्यता असलेल्या भंगार केंद्राला नोंदणी रद्द झाल्याचं नुसतं कळवून चालत नाही. अख्खी गाडी दाबून, कापून, वितळवायला पाठवली तरी चेसिस नंबर असलेला लोखंडाचा तुकडा वेगळा कापून जपून ठेवावा लागतो. कारण तेवढाच तुकडा दुसऱ्या गाडीवर जोडला, तर ती भंगारातली गाडी पुन्हा रस्त्यावर आली असं भासवता येईल!